दाजी जनरेटर उठवतात

आमच्या दाजींकडं जनरेटर आहे, आणि निलंग्यात लाईट गेली की त्यांच्या गल्लीत सगळ्यांत जास्त वेळ अंधार त्यांच्याच घरात असतो. इन्व्हर्टरवाल्यांचे पंखे एक गिरकीसुद्धा न चुकवता फिरत राहतात. ज्यांच्याकडं काहीच नाही ते उशी-गोधडी घेऊन गच्चीवर जातात आणि मजेत गप्पा मारतात. दाजींच्या घरात मात्र पाच माणसं भिंतीला पाठ लावून बसलेली असतात, कारण दाजींनी अंधारातच फर्मावलेलं असतं, "कुणी हलू नका. उठवतो."

दाजी जनरेटर 'चालू' करत नाहीत, 'उठवतात'. घरातल्या तापट आजोबांना दुपारच्या झोपेतून उठवायचं तर आधी लांबून खाकरावं लागतं, पाण्याचा तांब्या ठेवावा लागतो, मग हळूच पायाला हात. तसाच हा सगळा मामला. उशाची बॅटरी घेऊन ते परसात जातात. आधी प्रदक्षिणा. खाली पेट्रोलचा थेंब सांडलाय का हे बॅटरीनं बघायचं, मग बॅटरी विझवून नाकानं बघायचं. डोळा फसतो, नाक फसत नाही, असं त्यांचं मत आहे. मग ऑइलची पट्टी काढायची, चिंधीनं पुसायची, परत घालायची, परत काढायची आणि ताप बघताना डॉक्टर धरतात तशी डोळ्यांसमोर आडवी धरायची. मग घराकडं तोंड करून हजेरी.

"फ्रीज?"

"बंद," अक्का आतून.

"टीव्ही?"

"बंद."

"पंखे?"

"आवं, लाईटच न्हाई तर पंखे कशाचे चालू असतील?"

"बटन विचारलो मी. बटन बंद हाय का?"

बटन बघायला अक्का उठते, अंधारात पाटाला ठेचकाळते, आणि पुढची दोन मिनिटं जे बोलते त्याचा जनरेटरशी फारसा संबंध नसतो. त्यानंतर दोरी. खोटं कशाला बोला, इंजिन पहिल्या हिसक्याला धडधडतं. इतकं निगुतीनं ठेवलेलं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. पण तरी उजेड येत नाही. तीन मिनिटं ते मोकळंच चालवायचं असतं. "झोपेतून उठल्या उठल्या तुमी सोयाबीनचं पोतं उचलता का पाव्हणं?" असं दाजी मला विचारतात. मी लातुरात कारकुनी करतो, पोतं मी दिवसभरात कधीच उचलत नाही, पण मान हलवतो. मग चेंजओव्हरचा दांडा, आणि मग एकेक वस्तू, मध्ये दम खाऊन.

एकदा मी घड्याळ लावलं. १९ मिनिटं. बहुतेक वेळा लाईट बाराव्या-तेराव्या मिनिटालाच येते, आणि दाजी मग तितक्याच शांतपणे सगळं उलट्या क्रमानं आवरतात. आणखी एकदा मी चौकात जाऊन झणझणीत निलंगा राईसची एक प्लेट खाल्ली, वर चहा घेतला, परत आलो. दाजी पट्टी पुसत होते.

दाजी वीज मंडळात लाईनमन म्हणून लागले, २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या तसे महावितरणचे झाले आणि निवृत्त होताना कागदावर 'प्रधान तंत्रज्ञ' होते. गावाच्या तोंडी शेवटपर्यंत लाईनमनच. "पाटी बदलली, खांब तेच," एवढंच ते त्यावर म्हणतात. लोडशेडिंगच्या वर्षांत कधी किती तास लाईट जाणार याचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं, आणि गावाला वाटायचं की ते दाजींनीच घरी बसून लिहिलंय. लग्नात अक्षता टाकून आहेर द्यायला गेलेल्या दाजींच्या नवरदेव पाया पडला आणि वाकल्या वाकल्या त्यानं विचारलं, "काका, आता किती वाजता येईल?" हे मी स्वतः ऐकलंय. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. कारण विचारलं की "कामावर लागलं" म्हणून विषय संपवतात.

निवृत्तीचे पैसे आले तेव्हा अक्कानं गंठण मागितलं होतं. आला जनरेटर. खरेदीला लातूरला मला बरोबर नेलं, ते भाव करायला नव्हे, वही धरायला. शंभर पानी वही, आणि तिच्यात घरातल्या प्रत्येक वस्तूची कुंडली. पंखा ७५ वॅट. फ्रीज चालताना दीडशे-दोनशे, पण कॉम्प्रेसर उठतानाच्या क्षणाला त्याच्या कितीतरी पट. पाण्याच्या मोटरीपुढं लिहिलेलं, 'एक हॉर्सपॉवर = ७४६', आणि खाली लाल शाईनं, 'उठताना तीन घोड्यांचा चारा खाते'. दुकानदारानं विचारलं, "कितीचा दाखवू?" दाजींनी विचारलं, "किती म्हंजे कमाल किती का कायम किती?" दुकानदारानं पाटीवर बोट ठेवलं, २००० वॅट.

"ही कमाल झाली. सतत चालवायचं तर?"

"मग... सोळाशे धरा."

"मग सोळाशे म्हणा की. लग्नात मी बारा पुऱ्या खातो म्हणून रोज बारा वाढतेत का घरी?"

दुकानदार चांगला माणूस. त्यानं चहा मागवला आणि खूश करायला म्हणून काउंटरखालून एक वायर काढली, दोन्ही टोकांना पिनटॉप लावलेली. म्हणाला, "ही आपल्याकडून फ्री. एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या कुठल्याबी प्लगात. सगळं घर चालू. फिटिंगचा खर्च न्हाई, चेंजओव्हर न्हाई, कायबी न्हाई."

दाजींनी ती वायर चिमटीत धरून उचलली. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं चहात काहीतरी पडलंय. "मांडूळ," ते म्हणाले. मांडुळाला दोन तोंडं असतात अशी आमच्याकडं समजूत, म्हणून. वायर खाली ठेवून, चहा न पिता, ते दुकानाबाहेर आले. जनरेटर आम्ही तिसऱ्या दुकानातून घेतला. पहिल्या दुकानात भाव कमी होता हे मी अक्काला अजून सांगितलेलं नाही.

मग जागा. जनरेटर कुठं ठेवायचा यावर त्या घरात जेवढा खल झाला तेवढा पोरीच्या स्थळांवर झाला नाही. अक्काचं म्हणणं, जिन्याखाली ठेवा, झाकलेला राहील. थोरल्या पोराचं म्हणणं, गच्चीवर. दाजींनी टेप आणला आणि घराच्या प्रत्येक खिडकीपासून वीस फूट मोजत मोजत उलटं चालत गेले. ते जिथं पोहोचले तिथं अक्काचा कढीपत्ता होता. कढीपत्ता हलला. आठवडाभर दाजींनी काठीला दोरा बांधून वाऱ्याची दिशा बघितली, मग धुराड्याचं तोंड कुठं करायचं ते ठरवलं. खाली काँक्रीटचा ओटा, वर चार खांबांवर पत्रा, चारी बाजू मोकळ्या. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि माळवदं बसलेली आमच्या भागानं पाहिलीत, त्यामुळं तेव्हापासून बांधकामाला सगळेच सिमेंट जास्त वापरतात; पण त्या ओट्याइतकं सिमेंट अख्ख्या गल्लीत कुणाच्या पायात नसेल. शेजारच्या आजी पहिले दोन दिवस त्याला म्हसोबा समजून लांबून हात जोडत होत्या.

अर्थिंगचा खड्डा घेतला तेव्हा तर बघायला गर्दी झाली. आठ फुटांवर कुणाला पाणी लागलंय का, असं जो तो विचारून गेला. आमच्याकडं खड्डा म्हणजे बोअर आणि बोअर म्हणजे कर्ज. दाजींनी त्यात तांब्याची पट्टी पुरली, कोळसा आणि मीठ थरांनी भरलं, वरती नळीला चाडं बसवलं. त्या चाड्यातून दर रविवारी बादलीभर पाणी घालायचं, कारण जमीन कोरडी पडली की अर्थिंग नावालाच राहतं. बिघडलेल्या यंत्रातला करंट जमिनीत जायच्या ऐवजी ज्याचा हात लागेल त्याच्यात जातो. हे सगळं ठीक. पण पुढं २०१६चा उन्हाळा आला. लातूरला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी येत होतं, इकडं टँकरमागं घागरी घेऊन बायका धावत होत्या, आणि दाजी रविवारी सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, बादलीभर पाणी जमिनीतल्या भोकात ओतत होते.

गल्लीत सभाच झाली. कुणी म्हणालं, माणसाला प्यायला नाही आणि हे मशीनला पाजतात. दाजींनी ऐकून घेतलं. पुढच्या रविवारपासून ते परातीत बसून आंघोळ करू लागले. परातीतलं पाणी बादलीत, बादलीतलं चाड्यात. साबणाचं पाणी चालतं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "मीठ म्या घातलंय, साबण बी जाऊ द्या. जमीन काय पंगतीला बसली न्हाई." त्या उन्हाळ्यात जनरेटरनं एकदाही कुणाला शॉक दिला नाही, दाजींना मात्र परातीत घसरून कंबरेला पट्टा लागला.

दर एकादशीला जनरेटर १५ मिनिटं उठतो, लाईट असो वा नसो. पडून राहिलेलं यंत्र अडीनडीला दगा देतं, म्हणून. गल्लीला त्यामुळं कालनिर्णय बघावं लागत नाही. दुपारी परसातून धडधड आली की बायका साबुदाणा भिजवतात. चालवायचा तोही मोकळा नाही, दोन पंखे आणि इस्त्री लावून. म्हणून दाजींच्या घरी कपड्यांना इस्त्री एकादशीलाच होते. बंद करताना बटन दाबायचं नाही, पेट्रोलचा कॉक फिरवायचा आणि कार्बोरेटरमधलं उरलंसुरलं पिऊन इंजिन आपोआप निमूट होईपर्यंत उभं राहायचं. टाकीत जुनं पेट्रोल ठेवायचं नाही. हल्ली पेट्रोलात इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि महिना-दीड महिन्यानं जेट चोंदतो. म्हणून टाकीतलं पेट्रोल काढून ते स्कूटरमध्ये घालतात आणि जनरेटरला ताजं आणतात. दाजींची स्कूटर गेली कित्येक वर्षं उष्ट्यावर चाललीय. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल २० तासांनी, नंतर दर १०० तासांनी. तास मोजायला वहीत रेघा. परवा मी वही चाळली. इतक्या वर्षांत मिळून ३१२ तास भरलेत. त्यातले बरेचसे एकादशीचे.

आता साखरपुड्याचं सांगतो, कारण त्यानंतर गल्लीत दाजींना 'जनरेटरकाका' हे नाव पडलं.

जूनचा पहिला पंधरवडा. भाचीचा साखरपुडा घरीच, पाहुणे भालकीचे. निम्मे मराठीत बोलणारे, निम्मे कानडीत, रागावले की सगळेच कानडीत. चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झाला, भटजींनी सुपारी मांडली, आणि लाईट गेली. बाहेर रिमझिम सुरू झालेली. दाजी उठले. मुलाच्या मामांना, म्हणजे त्या पार्टीतल्या सगळ्यांत वजनदार माणसाला, दाजी परसात भिजत बॅटरी मारताना दिसले. ते मोठ्या मनानं म्हणाले, "अण्णा, पावसात कशाला? मशीन आत घ्या की. ह्या बोळीत ठेवा, दार लोटून घेऊ, आवाज बी यायचा न्हाई."

इथं दुसरा मुलीचा बाप असता तर हसून वेळ मारून नेली असती. दाजी ओल्या सदऱ्यानं आत आले, मध्यभागी उभे राहिले.

"मामासाहेब, तुमच्याकडं बुलेट हाय का?"

"हाय की."

"देवघरात चालू करता?"

मामा हसले. दाजी हसले नाहीत. त्यांनी भटजींसकट सगळ्यांना समजावून सांगायला घेतलं. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. दिसणाऱ्या धुराला माणूस खोकतो, पळतो. ह्याला पळत नाही, कारण कळतच नाही. डोकं जड होतं, मळमळतं, वाटतं जेवण बाधलं, जरा पडावं. पडला की संपला. थंडीत दारं लावून शेगडीपाशी झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत ती ह्याच्याचमुळं. इथपर्यंत सगळे गंभीरपणे ऐकत होते. पण रक्तात काय होतं हे सांगताना दाजींना उपमा सुचली, आणि घात झाला.

"रक्तात ऑक्सिजनला बसायला खुर्च्या असत्यात म्हणा. हा वायू पाव्हण्यासारखा येतो आन् त्या खुर्चीवर बसतो. बसला की उठत न्हाई! ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट चिकट! घरचा माणूस दारात उभा, आन् पाव्हणा खुर्ची सोडंना!"

भालकीकडच्या खुर्च्यांवर सामसूम झाली. मामांनी आपल्या खुर्चीकडं बघितलं. एक वयस्कर बाई कानडीत शेजारणीच्या कानाशी लागल्या. अक्कानं पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय हे अंधारात कळलं नाही. शेवटी मामाच म्हणाले, "म्हंजे आमी उठावं म्हणता?"

मी मध्ये पडलो. दाजींना अजूनही कळलं नव्हतं काय झालं ते, ते आपल्याच तंद्रीत म्हणाले, "धूर गिळून पचवायला आपण काय नीळकंठेश्वर हाव का? त्यो गावात एकच हाय, देवळात." यावर भटजी एवढ्या जोरात हसले की सगळेच हसले, आणि लग्न वाचलं.

जनरेटर उठला. पत्र्याखाली, परसात, वीस फुटांवर. दिवे लागले, अंगठ्या झाल्या, हळदीकुंकू झालं. आवाज तर एवढा, की भटजी मंत्र म्हणतायत का भाव सांगतायत ते कळत नव्हतं. सगळे एकमेकांच्या कानात ओरडून बोलत होते. असा पाऊण तास गेला. मग शेजारचं एक पोरगं आलं आणि दाजींना विचारू लागलं, "काका, तुमची लाईट न्हाई का आली अजून?"

सगळ्या गल्लीत लाईट येऊन अर्धा तास झाला होता. चेंजओव्हरचा दांडा जनरेटरकडं असला की घराचा खांबावरच्या तारेशी संबंधच तुटतो, हेच तर त्याचं काम. त्यामुळं लाईट आलेली घराला कळायला वावच नाही. दाजींनी सगळ्याचा विचार केला होता, एवढा सोडून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मीटरच्या बाजूनं वेगळी वायर ओढून दारावर एक लाल बल्ब बसवला. खांबावर लाईट आली की तो पेटतो. भालकीच्या मामांना फोन करून त्यांनी ही सुधारणा कळवलीसुद्धा. मामा म्हणाले म्हणे, "बरं झालं. आता पाव्हण्यानं कवा उठायचं ते बी कळंल."

दाजींचं एकाच माणसाशी हाडवैर होतं, ते म्हणजे समोरचे मास्तर. मास्तरांकडंही जनरेटर, आणि जनरेटरबरोबर मांडूळ. लाईट गेली की मास्तर दोन मिनिटांत उजेडात. दाजी रस्ता ओलांडून जायचे.

"मास्तर, चेंजओव्हर बसवा."

"मी मेन स्विच पाडतो की आधी."

"इसरलात तर?"

"३३ वर्षं शाळेत हजेरी घ्यायला विसरलो नाही."

मग दाजी अंगणातल्या धुळीत काडीनं चित्र काढायचे. हे घर, हा खांब, ही डीपी. डीपी अकरा हजार व्होल्टचे २३० करते, सगळ्यांना माहीत आहे. पण ती बिचारी दोन्हीकडून चालते. मेन पाडायचं राहिलं आणि घरातून २३० उलटे गेले, तर ती त्याचे इमानेइतबारे अकरा हजार करून वरच्या तारेत सोडते. आणि वरची तार मेलेली समजून कुणीतरी तिच्यावर हात ठेवून असतो. शिवाय तुमचं मांडूळ प्लगातून निसटलं, तर त्याच्या पिना उघड्या आणि जिवंत. नातू रांगतोय घरात. मास्तर चित्र बघायचे, "चित्र चांगलं काढता," म्हणायचे.

मला हा छळ वाटायचा, आणि एकदा रात्री मी तसं बोलून दाखवलं. बराच वेळ लाईट नव्हती, जनरेटर चालून चालून पेट्रोल संपून बंद पडला होता. गरम इंजिनावर पेट्रोल ओतायचं नाही, १५ मिनिटं थांबायचं, हा नियम. म्हणून आम्ही दोघं ओट्याशेजारी अंधारात बसलो होतो. आत अक्का भांडी आपटत होती. मी म्हणालो, "दाजी, जरा घाई केली तर काय बिघडतं?"

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "केली हुती एकदा."

"९८ साल. एप्रिल. शारजाला मॅच हुती, आस्ट्रेलियाची. तिकडं वाळूचं वादळ आलं, हिकडं आपल्यात वळीव. फांदी पडून तार तुटली. सगळं गाव खांबाखाली जमा, लाईनमन कर की लवकर, सच्या खेळायलाय. डीपीवरचे फ्यूज काढलो, खिशात घातलो. फ्यूज खिशात म्हंजे लाईट खिशात, असं वाटतं बगा माणसाला. वर चढलो. काम करताना तारंवर चैन टाकायची असती, अर्थिंगची. म्हंजे कुठून करंट आला तर तसाच जमिनीत जातो. चैन गाडीला हुती, खाली. म्हणलं, दोन मिनटाचं काम, कोण उतरतंय."

"मग?"

"एका घरात पोरानं मांडूळ लावलं. मॅच बघायला. मेन पाडायचं राहिलं."

ते डाव्या हाताची ती दोन बोटं चोळत होते. कंबरेचा पट्टा होता म्हणून खाली पडले नाहीत, लोंबकळत राहिले. कुणीतरी शिडी आणली. मी विचारलं, कुणाचं घर ते. "कुणाचं का असंना. पोरगंच हुतं." मग थोड्या वेळानं, "चैन म्या टाकली नव्हती, पाव्हणं. ते पोराला काय म्हणायचं." सचिननं त्या रात्री १४३ काढले. दाजींनी त्यातली एकही धाव तेव्हा पाहिली नाही आणि पुढं कुठल्या पुनःप्रक्षेपणातही पाहिली नाही. १५ मिनिटं झाली तेव्हा त्यांनी इंजिनाला हाताची पालथी बाजू लावून पाहिली आणि म्हणाले, "अजून दोन मिनटं."

गेल्या मे महिन्यात मी पुन्हा निलंग्याला होतो. संध्याकाळी वावटळ सुटली, मग टपोरे थेंब, मग कोपऱ्यावरच्या लिंबाची फांदी मोडल्याचा आवाज, आणि लाईट गेली. मी सवयीनं भिंतीला पाठ लावून बसलो. अक्कानं हातपंखा घेतला. पण परसातून हजेरीचा आवाज आला नाही. दाजी बॅटरी घेऊन रस्त्यावर गेले होते.

खांबाखाली महावितरणचा एक पोरगा उभा होता, पंचविशीचा असेल. पट्टा बांधलेला, हेल्मेट घातलेलं, आणि वर न जाता थांबलेला. त्याच्याभोवती तेच सगळं गाव, तेच 'कर की लवकर'. दाजी घराघरात शिरत होते. प्रत्येक दारात, "जनरेटर हाय का? दांडा दाखवा." "इन्व्हर्टर हाय का? कुठं जोडलाय?" लोक वैतागून दाखवत होते. आपला स्वतःचा जनरेटर त्यांनी उठवलाच नव्हता. मी मागं मागं गेलो.

"काका, बंद हाईत का सगळे?" पोरगा ओरडला.

"थांब. एक घर राह्यलंय."

मास्तरांचं. मास्तरांच्या खिडकीत उजेड होता. दाजी आत गेले. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. मास्तरांचा आवाज चढला, मग उतरला, मग उजेड गेला. दाजी बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात मांडूळ होतं, दोन्ही पिना खाली लोंबत असलेलं. मास्तरही मागोमाग बाहेर आले, बनियनवर, आणि काही न बोलता दाजींच्या शेजारी मान वर करून उभे राहिले.

"आता चढ," दाजी म्हणाले. "चैन?"

"टाकतो की वर गेल्यावर."

"टाकतो न्हाई. टाकली म्हण, मग तारंला हात लाव."

पोरगा चढला. बॅटरीच्या झोतात त्याचे बूट दिसत होते, मग तेही दिसेनासे झाले. वरून साखळीचा आवाज आला.

"टाकली, काका."

दारातून अक्कानं हाक मारली, च्या ठेवू का म्हणून.

"थांब," दाजी वरची नजर न काढता म्हणाले. "त्याला खाली येऊ दे."